अकोल्याला न पोचलेले लाडू

आमच्या घरात सायलीचं नाव दिवसातून चारदा तरी निघायचं, आणि चारही वेळा जेवताना. सायली म्हणजे माझी मामेबहीण, अकोल्याची. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. ती आठशे मीटर पळायची आणि मी अमरावतीला आमच्या क्रीडा मंडळात खो-खो खेळायचे. मी ताटात भेंडी बाजूला सारली की आई म्हणायची, "सायली पाहाय, कारलं बी खाते." मी कारल्याचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे. आज इतक्या वर्षांनी ही सगळी माणसं आठवताना मला आधी आठवतो तो आमच्या स्वयंपाकघराचा आवाज. आई भाकरी थापायची तो आवाज, मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची घरघर, आणि पुढच्या खोलीत बाबांचं अशिलाशी चाललेलं मोठ्यानं बोलणं. बाबा वकील. त्यांना हळू बोलता यायचंच नाही, त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंही भांडण शेजारी न्यायाधीशासारखे ऐकायचे.

त्या वर्षी आमच्या मंडळानं आणि अकोल्याच्या एका मंडळानं मिळून खेळणाऱ्या मुलींसाठी ऑनलाइन वर्ग काढला. काय खावं, किती झोपावं, पाणी कधी प्यावं, असलं शिकवायला. शिकवणाऱ्या केतकी मॅडम पुण्याच्या, आहारतज्ज्ञ. दर रविवारी सकाळी दहा वाजता मोबाईलवर वर्ग भरायचा. तेव्हाचे मोबाईल हातात धरायचे असत आणि चार्जरच्या वायरीपुरतंच फिरता यायचं, हे आता मुलींना सांगितलं तर त्या हसतात. पहिल्या रविवारी मॅडमनी तक्ते दाखवले. प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं. दहा मिनिटांत सगळ्यांचे कॅमेरे बंद. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि "ए पोट्टे, दूध उतू चाललं ना!" असं कुणाची तरी आई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडली. मॅडम खूप हसल्या. आणि पुढच्या रविवारी त्यांनी तक्ते काढलेच नाहीत.

"मला तुमच्याकडचं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवा. रोज मोबाईलवरच्या आपल्या वर्गाच्या गटावर तीन फोटो टाका. भरलेलं ताट, रिकामं झालेलं ताट आणि पाण्याची बाटली. आणि त्या दिवशी मैदानावर कसं वाटलं ते एका ओळीत."

मग त्या प्रत्येक ताटाखाली काहीतरी लिहायच्या, आणि ज्या ताटात त्यांना विशेष दिसायचं त्याला हिरवी चांदणी द्यायच्या. का दिली तेही सांगायच्या. आठवड्याला ज्या मुलीच्या चांदण्या जास्त ती रविवारी पाच मिनिटं वर्ग घेणार. आणि शेवटच्या रविवारी एक मुलगी स्वतःच्या स्वयंपाकघरातून काहीतरी करून दाखवणार, त्या दिवशी आईवडिलांनाही बोलावलेलं. एवढंच. पण धावणाऱ्या-पळणाऱ्या मुलींना शर्यत लावायला एवढं पुरतं. ज्या मुली पहिल्या रविवारी कॅमेरा बंद करून झोपल्या होत्या त्या आता फोटोसाठी मोडाची मटकी रचायला लागल्या.

मी पाहुण्यांच्या कपाटातला पांढरा काचेचा वाडगा काढला. त्यात ओट्स, वर केळ्याच्या चकत्या गोल मांडून, बाजूला चार बदाम. खिडकीशी नेऊन उजेडात फोटो. एकही चांदणी नाही. मॅडमनी लिहिलं, "प्राची, फार सुंदर मांडलंयस. पण दोन तास खेळून आल्यावर एवढ्यावर तुझं भागतं का?" भागत नव्हतंच. म्हणून तर मैदानाच्या फाटकाशी मी रोज गिला वडा खायचे, वरून दही घालून. त्याचा फोटो अर्थातच गटावर जात नव्हता.

आणि सायलीचं ताट! पोचे पडलेलं स्टीलचं ताट, त्याच्यात ज्वारीची भाकरी, कढी, वाफवलेल्या डाळीचे फुणके, जवसाची चटणी आणि लिंबाची फोड. फोटो तिरका, अर्धा अंधारात. त्याला चांदणी. "डाळ आणि धान्य एकत्र, जवस, वर लिंबू. हे तुला कुणी शिकवलं? लिंबानं डाळीतलं लोह अंगी लागतं," असं मॅडमनी लिहिलं आणि खाली अकोला-अमरावतीच्या पोरींची झुंबड उडाली. फुणके कसे करतात? किती वाफवायचे? मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. ते फुणके माझ्या आईचे होते. डाळ भरड वाटून त्यात मेथी चिरून घालायची ही आईचीच रीत, आणि फोटोत ती मेथी मला दिसत होती.

मग एक दिवस मी संध्याकाळच्या सरावाहून लवकर घरी आले. स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. दारातून पाहिलं तर मसाल्याच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा, त्यात सायलीचं घामेजलेलं तोंड, आणि आई इकडे कणीक मळता मळता तिला सांगत होती.

"आत्या, पाणी किती टाकू?"

"ओंजळभर. तुह्या ओंजळीनं, माह्या नाई. आन् हात बुडवून पाहाय, चिकटून राहिलं का?"

"चिकटून राहिलं."

"मंग पीठ लाव ना बाप्पा!"

मला वाटत आलं होतं की रोज संध्याकाळी आई मामीशी बोलते. पण मामी शिक्षिका, तिची नेमणूक मेळघाटात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. अकोल्यात सायली आणि मामा दोघंच, आणि स्वयंपाक सायलीकडे. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दाराबाहेर उभी राहून जळत होते. माझ्याशी आई अशी कधी हसली होती? खरं उत्तर असं की मी तिच्या शेजारी परात घेऊन कधी बसलेच नव्हते. पण पंधराव्या वर्षी खरं उत्तर कुणाला हवं असतं. मला एवढंच दिसलं की माझी आई रोज अर्धा तास दुसऱ्या कुणाची तरी आई असते, आणि तिनंच शिकवलेल्या स्वयंपाकानं ती दुसरी मला हरवते आहे.

त्याच सुमाराला आईनं हाळीव आणले. "हाळिवाचे लाडू करून राहिली मी. तुले बी ठेवू का?"

"मले नको. ते बाळंतिणीचं खाणं होय," मी फणकारले. "मी काय बाळंतीण हाय?"

आईनं हाळीव निवडायला घेतले. सोमवारी पहाटे तिनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली. आमच्या पलीकडच्या गल्लीतले तायडेकाका नोकरीसाठी रोज अकोल्याला अपडाऊन करायचे. आमच्याकडे अशी पद्धतच आहे. कुणी अपडाऊनवाला ओळखीचा असला की त्याच्या हाती डबा, पुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, काहीही जातं. मामा स्टेशनावर येऊन पिशवी घेणार होता. "मैदानावर जाता जाता काकाईले देऊन देजो," आई म्हणाली.

मी सायकलवर कोपऱ्यापर्यंत गेले आणि पिशवी उघडली. स्टीलचा कडीचा डबा, त्यात लाडू. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर आईचं अक्षर: सायली, रोज एक, दुधासंग. मला आईनं आयुष्यात चिठ्ठी लिहिली नव्हती. लिहिणार कशाला, मी एकाच घरात तर राहत होते! पण तो कागद वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तायडेकाका फाटकाशी स्कूटर पुसत होते. मी त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले.

सराव संपल्यावर मी डबा मैदानावर उघडला. पोरी तुटून पडल्या. धूळभरल्या हातांत लाडू, मागे खो-खोचा खांब, असा फोटो काढून मी गटावर टाकला. दहा मिनिटांत चांदणी आली. माझी पहिली. "हाळीव! आणि सगळ्या संघासाठी! कुणी केले?" मॅडमनी विचारलं. मी लिहिलं, "मी."

खाली सायलीचा मेसेज आला: "मस्त दिसून राहिले लाडू."

मी मोबाईल उलटा ठेवला. तिनं डबा ओळखला असणार. संध्याकाळी आईनं तिला विचारलं, मी आतल्या खोलीत कान टवकारून बसले होते. "लाडू भेटले का?" आणि सायली म्हणाली, "भेटले आत्या. लय मस्त झाले."

स्टेशनावरून रिकाम्या हातानं परतलेल्या मामालाही तिनंच गप्प बसवलं असणार. मला वाटलं, ही फार पोचलेली आहे. आता हे कधीतरी माझ्यावर काढणार. तिच्या चांगुलपणाचा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. मला सगळं दिसत होतं, फक्त वाईटच दिसत होतं. दुसऱ्या सोमवारचीही पिशवी मी दिली नाही आणि तिसऱ्याही. रिकामा डबा काकांनी परत आणला असं सांगून मी घरात ठेवायचे. दर वेळी चांदणी, दर वेळी सायलीचं "भेटले आत्या." आणि शेवटच्या रविवारच्या स्वयंपाकासाठी, हाळिवाच्या लाडवांसाठी, मॅडमनी नाव जाहीर केलं. माझं.

हाळीव आयुष्यात कधी हातात धरले नव्हते. आईला विचारायची सोय नव्हती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की काय करणार ते गुपित आहे, तिनं आणि बाबांनी पुढच्या खोलीत बाबांच्या मोबाईलवर बघायचं, स्वयंपाकघरात यायचं नाही. भिजवतात एवढं ऐकून होते, म्हणून शनिवारी संध्याकाळी दुकानातून आणलेलं अख्खं पाकीट पातेल्यात ओतलं, वर पाणी, आणि पातेलं माझ्या खोलीत पलंगाखाली सरकवलं. ज्यांनी हाळीव भिजवलेत ते आत्ताच हसायला लागले असतील. सकाळी पाहते तर झाकण वर उचललेलं, आणि कडेनं लाल बुळबुळीत लगदा फरशीवर आलेला. पातेल्यातून दोन भगुण्यांत, भगुण्यांतून कणकेच्या परातीत. दहा वाजता कॅमेरा सुरू झाला तेव्हा ओट्यावर बुळबुळीत हाळिवाचा डोंगर होता आणि त्याच्यामागे मी.

सगळे कॅमेरे चालू होते. सत्तर-ऐंशी तोंडं. आया, बाप, धाकटी भावंडं. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे केवढं भिजवलंयस प्राची?" कुणीतरी खुदकन हसलं. मी परात नुसतीच मागेपुढे सरकवली. एवढ्यात सायलीचा आवाज आला.

"मॅडम, आमच्या घरी असेच भिजवतेत. एका भागाचे लाडू करतेत, आन् बाकीच्याची दुधात खीर. आमची आत्या तसंच करते." आणि मग माझ्याशी, एकदम सहज, जणू आमचं ठरलंच होतं, "प्राची, लाडवाचं कढईत घे ना. तीनच वाट्या. आता गूळ आन् खोबऱ्याचा कीस. गॅस बारीक ठेव, नाई तर खाली लागन."

मी तिचं बोट धरल्यासारखी करत गेले. ती सांगायची, मी ढवळायचे. मधेच ती वर्गाला समजावून सांगायची की हाळिवात लोह असतं, पाळी सुरू झालेल्या, पळणाऱ्या मुलींना ते लागतं, बाळंतिणींनाच नाही. लाडू वळले गेले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाल्या, "बहिणी-बहिणींची काय जोडी आहे! प्राचीचे तीन आठवड्यांचे फोटो पालकांना दाखवते हं." आणि पडद्यावर एकामागून एक तीन फोटो आले. मैदान, पोरी, लाडू, आणि प्रत्येक फोटोत आमचा कडीचा डबा.

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. "हा डबा तं आपला होय!"

वर्ग संपला. आई स्वयंपाकघरात आली. ओट्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "सायलीच्या पिशव्या?" तिनं विचारलं. मी ओटा पुसायला लागले. तिनं सायलीला फोन लावला, स्पीकरवर. "सायले, तीनही डबे भेटले होते ना तुले?"

"भेटले ना आत्या."

आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा दारात उभे होते. ते कोर्टात दिवसभर खोटं ऐकत, पण त्या दिवशी त्यांची मान खाली होती. मी म्हणाले, "नाई भेटले. मी दिलेच नाई."

फोनवर सायली घाईघाईनं म्हणाली, "आत्या, तिले रागावजो नको. मले वाटलं, तिचं बी रक्त कमी निघालं असन. सांगाले लाज वाटत असन तिले, माह्यासारखी, तं पोरीइत वाटून खात असन. म्हून मी बोलली नाई."

मला काहीच कळेना. आईनं फोन ठेवला आणि मग सांगितलं. सायलीला पळताना चक्कर आली होती. तपासणीत रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि खाणं सुधारून रक्त वाढेपर्यंत शर्यतीत उतरायचं नाही असं बजावलं होतं. मंडळात कळलं तर आपल्याला वगळतील म्हणून तिनं कुणाला सांगू दिलं नव्हतं. फक्त आत्याला. रोजची ती भाकरी, ते फुणके, ते लिंबू, सगळं त्यासाठी होतं. तीन पिशव्यांनी तिचं रक्त किती वाढलं असतं, कोण जाणे. पण तिनं माझ्यासाठी स्वतःचं औषध सोडलं होतं, आणि मी ते पोरींना वाटून चांदण्या मिळवल्या होत्या.

आईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी अकोल्याले चालली," आणि दुपारच्या गाडीनं गेली. पंधरा दिवस राहिली. बाबा सकाळ-संध्याकाळ खिचडी टाकायचे, आणि ती परातभर हाळिवाची खीर आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्ली. त्या पंधरा दिवसांत मला पश्चात्ताप झाला असं लिहायला हवं. झालाही. मी मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "चांदण्यांचा खेळ मीच लावला होता," एवढंच म्हणाल्या आणि त्यानंतरच्या कुठल्याच वर्गात त्यांनी चांदण्या ठेवल्या नाहीत. पण वर्ग संपला तरी पोरींनी फोटोंचा नाद सोडला नव्हता, आणि रोज संध्याकाळी सायलीच्या ताटाच्या फोटोत कडेला आईचा हात दिसायचा, हिरव्या बांगड्यांचा, भाकरी वाढणारा. तो हात पाहिला की पश्चात्ताप कुठल्या कुठे जायचा आणि मी पुन्हा जळायला लागायचे. माझ्यामुळंच ती तिकडे गेली होती हे माहीत असूनसुद्धा.

आई परत आली तेव्हा माझ्याशी बोलली, पण मोजकं. दर सोमवारी पिशवी पुन्हा अकोल्याला जायला लागली. ती तायडेकाकांकडे बाबा नेऊन द्यायचे, कोर्टाचा काळा कोट घालून. मला कुणी सांगत नव्हतं आणि मी मागायचं धाडस करत नव्हते. मी तिच्याजवळ परात घेऊन बसायला लागले, तेही न विचारता. माझ्या भाकरीचे कंगोरे पाहून ती हसायची नाही.

मग एका दुपारी मामाचा फोन आला. डॉक्टरांनी सायलीला परवानगी दिली होती. शर्यत अकोल्याला, कामाच्या दिवशी. मामी शाळेवर, मामाला सुटी नाही. शर्यतीच्या सकाळी आई निघाली. दारात थांबून म्हणाली, "येतं का?" मी चप्पल घालून तिच्याआधी बाहेर.

मैदानावर उन्हाचा तडाखा होता. आम्ही चुन्याच्या रेषेला लागून उभ्या राहिलो. सायली आधीच बारीक, त्यात तिच्या दोन्ही बाजूंना उंच पोरी. पहिल्या फेरीत ती मागे होती. दुसऱ्या फेरीत एकेकीला मागं टाकायला लागली, आणि आईनं माझं मनगट पकडलं. इतक्या जोरात की बांगड्या रुतल्या. शेवटच्या वळणावर सायली तिसरी होती आणि मी आज खरं लिहिते, माझ्या मनात आलं की ही पडावी. आणि त्याच वेळी मी गळा फाटेस्तोवर ओरडत होते, "पळ सायले, पळ!" दोन्ही माझंच होतं. आजही मला त्यातलं एक खोटं म्हणता येत नाही.

ती तिसरी आली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मग मान वर करून गर्दीत शोधायला लागली. बाकीच्या पोरींच्या आया धावल्या होत्या. कुणी टॉवेल देत होतं, कुणी पाठीवर हात फिरवत होतं. सायली एकटीच उभी होती, इकडे तिकडे पाहत. आईनं तिला पाहिलं, पण ती जागची हलली नाही. माझं मनगट तिच्या हातातच होतं. मला कळलं की ती माझ्यासाठी थांबली आहे. मी तिचा हात सोडवला नसता तर ती गेली नसती, आणि घरी जाऊन त्याबद्दल एक शब्दही बोलली नसती.

मी एकेक करून तिची बोटं सोडवली. "जा ना आई," मी म्हणाले. "सायली तुही वाट पाहून राहिली."

आई साडीच्या निऱ्या उचलून मैदानात धावली. सायलीनं तिच्या गळ्यात पडून घामेजलेलं तोंड तिच्या खांद्यावर टेकवलं. मी रेषेच्या बाहेर उभी राहून ते बघत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मला हेवा वाटत होता.